तीनच मुलं असतील तर हस्तक्षेपाचा परिणाम कसा दाखवायचा?

रेघोटी:
शीघ्र हस्तक्षेपावर छोटा अभ्यास आखतेय. दोन ते तीन वर्षांची, बोलणं उशिरा येणारी तीन मुलं. पालकांना जेवण, कपडे घालणं, खेळ अशा रोजच्या कामांत दोन गोष्टी शिकवायच्या: आवडीची वस्तू दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवणं, आणि मग 5 सेकंद गप्प राहणं. मोजायचं ते मुलानं आपणहून मागितलं का. शब्द, खूण, बोट दाखवणं, काहीही चालेल. नियंत्रित गट शक्य नाही, आणि नुसती आधी-नंतरची तुलना केली तर "या वयात मूल तसंही बोलू लागतंच" असं कुणीही म्हणेल. जी पद्धत सुचवाल ती सहावी-सातवीच्या वाचनाला लावता येईल का?

निरीक्षणवही:
मल्टिपल बेसलाइन करा (बेसलाइन म्हणजे प्रशिक्षणाआधीची मोजणी). मोजणी तिन्ही घरी एकदमच सुरू, प्रशिक्षण मात्र एकेकाला. पहिल्या घराची किमान 5 सत्रं होऊन आलेख सपाट दिसला की तिथे प्रशिक्षण. बाकीच्यांची फक्त मोजणी. पहिला आलेख स्पष्ट वर गेला की दुसरं घर, मग तिसरं. प्रत्येक मूल आपल्या घरी प्रशिक्षण सुरू झाल्यावरच वर चढलं आणि थांबलेली मुलं तोवर जागच्या जागी राहिली, तर वाढत्या वयाचं कारण टिकत नाही. परिणाम निदान तीन वेगळ्या वेळी दिसावा लागतो, म्हणजे एक कुटुंब गळालं की सगळंच अडलं. चार घ्या.

पालकांचं वागणं न मोजल्यामुळे असे अभ्यास फसू शकतात. मूल बदललं नाही, तर तंत्र कुचकामी होतं की ते वापरलंच गेलं नाही, हे कळायला मार्ग उरत नाही. दोन सेकंदांतच "काय हवंय?" विचारलं जातं, त्यानंतर मूल बोललं तर ते उत्तर झालं, आपणहून मागणं नव्हे. 10 मिनिटांचं चित्रीकरण करा आणि मागण्यांबरोबर संधीही (वस्तू दूर ठेवून गप्प राहिल्याचे प्रसंग) मोजा. प्रशिक्षणानंतर पालक संधीच जास्त देतात, त्यामुळे नुसता आकडा फुगतो.

प्रत्येक टप्प्यातली किमान 20 टक्के सत्रं दुसऱ्या निरीक्षकानं स्वतंत्रपणे मोजावीत, एकमत 80 टक्क्यांच्या वर हवं. एकूण आकडे जुळवू नका. दोघांनीही 6 लिहिले, पण वेगवेगळे 6 धरले, तरी एकमत 100 टक्के निघतं! 15 सेकंदांचे तुकडे पाडून तुकड्यागणिक जुळवा.

दुसरी_बाजू:
तिसऱ्या कुटुंबाला इतकं ताटकळत ठेवणं मला पटत नाही. शिवाय वस्तू पुन्हा पुन्हा हाताबाहेर ठेवून काहीच घडत नसेल, तर मूल मागणं सोडून देतं. बेसलाइन खाली घसरते आणि पुढचा परिणाम खोटाच मोठा दिसतो. हॉर्नर आणि बेअर यांनी 1978 साली मांडलेलं मल्टिपल प्रोब तंत्र इथे बरं: अधूनमधून मोजणी, आणि प्रशिक्षणाच्या अगदी आधी सलग तीन.

वाचनखूण:
सहावी-सातवीलाही चालेल, पण आलेखाकडून अपेक्षा वेगळी ठेवा. ओघवतं वाचन हळूहळू वाढतं, प्रशिक्षण सुरू होताच उडी दिसत नाही. बदलतो तो चढ, आणि चढ ठरवायला बेसलाइन लांब लागते. एक-एक मिनिट तीन उतारे वाचून घ्या, मिनिटाला अचूक शब्द मोजा आणि मधला आकडा धरा. उताऱ्यांची काठिण्यपातळी कधीच तंतोतंत सारखी नसते, म्हणून प्रत्येक गटाला ते वेगळ्या क्रमानं द्या. एकाच शिक्षकाचे गट घेऊ नका. पहिल्या गटासाठी शिकलेली पद्धत न कळत दुसऱ्यातही झिरपते.

माझ्या मते लांब शब्द फोडून वाचणं हे माप जास्त योग्य. शिकवलेल्या शब्दांची एक यादी, न शिकवलेल्यांची दुसरी. दुसरी हलली नाही तर पाठांतर झालंय.

रेघोटी:
बेसलाइनच वर चढत असेल तर?

निरीक्षणवही:
तर तिथे प्रशिक्षण सुरू करू नका, आणखी सत्रं घ्या. मात्र "हे मूल आता तयार दिसतंय" म्हणून कुणाला पुढे-मागे करायचं नाही. क्रम आधीच चिठ्ठी टाकून ठरवा. त्यावर रँडमायझेशन टेस्टही करता येते, म्हणजे मिळालेला निकाल चिठ्ठीतून निघू शकणाऱ्या सगळ्या क्रमांशी ताडून पाहता येतो. तीन कुटुंबांचे क्रम 6 होतात, म्हणजे पी किंमत (परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगानं असा निकाल येण्याची शक्यता) सुमारे 0.17च्या खाली जाऊच शकत नाही. चारांचे 24, तिथे 0.042 पर्यंत पोचता येतं.