मदत हवी आहे: रोलर कोस्टरचे प्रकार तक्त्यात कसे मांडायचे?

संत्रानगरी: नागपुरात आठवीच्या मुलांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रोलर कोस्टरच्या प्रकारांचा मराठी तक्ता करायचा आहे. लाकडी, स्टील, हायपर, इन्व्हर्टेड, फ्लोअरलेस, लाँच असे सहा रकाने आखलेत, पण एकच कोस्टर दोन-तीन रकान्यांत बसतो. खोपोलीच्या इमॅजिकातला नायट्रो एकीकडे फ्लोअरलेस लिहिलाय, दुसरीकडे हायपर. खरं काय? आणि इन्व्हर्टेडला ‘उलटा’ म्हटलं तर चालेल का?

रूळवेडा: ताई, ही सहा नावं एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत, म्हणून घोळ होतोय. रूळ कशाचा, माणूस बसतो कसा, उंची किती, गती कशी मिळते (साखळीने चढून की लाँचच्या, म्हणजे सुरुवातीच्या जोरदार धक्क्याने), हे चार रकाने करा आणि प्रत्येक कोस्टरला एक आडवी ओळ द्या.

नायट्रो दोन आहेत आणि दोन्ही बी अँड एम या स्विस कंपनीचे. इमॅजिकाचा: स्टील, फ्लोअरलेस, सुमारे 40 मीटर, साखळीने चढणारा. हायपर आहे तो न्यू जर्सीचा, 230 फुटी.

‘उलटा’ मात्र अजिबात लिहू नका. पोरं त्याचा अर्थ ‘खाली डोकं वर पाय’ असाच घेणार, आणि ते तर इमॅजिकाच्या नायट्रोतही पाच वेळा होतं. इन्व्हर्टेड म्हणजे गाडी रुळाच्या खाली लटकलेली. ‘रुळाखालचा’ लिहा. सस्पेंडेडही रुळाखालीच असतो, पण त्याचे डबे झोक्यासारखे बाजूला झुलतात. इन्व्हर्टेडचे झुलत नाहीत.

फ्लोअरलेसमध्येही पाय लोंबकळतात, पण रूळ खालीच असतो. डब्याला तळ नाही म्हणून फलाटाची जमीनच हलती करावी लागते: बसताना ती पायाखाली असते, सीटची कुलपं तपासून झाली की खाली जाते, पुढचं फाटक उघडतं, मगच गाडी सुटते. मॉडेलमध्ये हे जरूर दाखवा.

फूटपट्टी: उंचीची नावं फुटांवर बेतलेली आहेत. 200 पासून हायपर, 300 पासून गिगा, 400 पासून स्ट्राटा. अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्कचा मॅग्नम 1989 चा, 205 फूट. तिथलाच मिलेनियम फोर्स 2000 चा, 310 फूट. मीटरमध्ये 61, 91, 122 लिहाल तेव्हा शेजारी फूटही लिहा, नाहीतर हे आकडे कुठून आले ते मुलांना कळणार नाही. काही जण उंचीऐवजी उतार मोजतात. फँटम्स रिव्हेंज 160 फुटीच आहे, पण दरीत उतरताना 200 च्या वर खाली जातो. म्हणून उतार वेगळा लिहा.

संत्रानगरी: चार रकाने पटले. खांब स्टीलचे आणि रूळ लाकडी असेल तर?

रूळवेडा: लाकडीच. खांब पाहायचे नाहीत, चाक कशावर धावतं ते पाहायचं. लाकडाचे थर एकावर एक ठोकून वर पातळ पोलादी पट्टी मारलेली असेल तर तो लाकडी. द व्हॉयेज तसाच, स्टीलच्या खांबांवर. जुना लाकडी सांगाडा ठेवून वर पोलादी रूळ टाकला की हायब्रिड. 2011 चा न्यू टेक्सास जायंट तसा आहे.

फूटपट्टी: मॉडेल 1:100 ठेवा. उंचीला इमॅजिकाचा नायट्रो 40 सेंटिमीटर, मॅग्नम 62, मिलेनियम फोर्स 94. पूर्ण रूळ मात्र एका टेबलावर मावणार नाही, फक्त उंची दाखवा.