फ्लॉरेन्सहून सिएना-क्यांती: गाइडसोबत की स्वतः?

इटलीतल्या फ्लॉरेन्सहून सिएना आणि सान जिमिन्यानो ही दोन्ही गावं आणि क्यांती भागातले द्राक्षमळे एका दिवसात बघायचे असतील तर गाइडसोबतच जा, असं माझं मत. सिएनाला फ्लॉरेन्सहून थेट बस आहे, पण सान जिमिन्यानोला रेल्वे स्टेशनच नाही. पोज्जिबोन्सीला उतरून पुढे बस धरावी लागते. शिवाय वाइन चाखून गाडी चालवायची नाही, हे आहेच.

सान जिमिन्यानोत एकेकाळी ७२ मनोरे होते म्हणतात. आज १४ उरलेत. श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करायला बांधलेले! तिथली पांढरी वाइन वेर्नाच्चा जरूर चाखा. सगळे लाल क्यांती वाइनच्या मागे लागतात आणि ही राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. क्यांती क्लासिको या लाल वाइनमध्ये किमान ८० टक्के सांजोवेझे द्राक्षं असतात आणि बाटलीवर काळा कोंबडा. त्या कोंबड्याची गोष्ट अशी: फ्लॉरेन्स-सिएनाची हद्द ठरवायला कोंबडा आरवताच दोन्हीकडून घोडेस्वार निघाले, ते भेटतील तिथे हद्द. फ्लॉरेन्सवाल्यांनी आपला कोंबडा उपाशी ठेवला होता, तो पहाटेआधीच आरवला आणि बराच मुलूख त्यांना मिळाला, अशी दंतकथा आहे.

बुकिंगआधी सिएनात किती वेळ देतात ते विचारा. दोन तासांपेक्षा कमी असेल तर ती सहल घेऊ नका. २ जुलै आणि १६ ऑगस्टला मात्र तिथे पालिओची घोडेशर्यत असते, चौकात प्रचंड गर्दी होते.