नोकरी सांभाळून अमेरिकन स्टडीज: चाळिशीनंतर कशासाठी?

एडिसनची_लेक: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘चाळिशी उलटल्यावर अमेरिकन स्टडीजची डिग्री म्हणजे नवऱ्याच्या पगाराची उधळपट्टी.’ रात्रभर झोप नाही. मी दवाखान्यात बिलिंग करते, फी माझ्या पगारातून जाते. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी वर्ग, शेजारी एक बसड्रायव्हर आणि दोन नर्सेस. अमेरिकेचा एकच प्रश्न आम्ही इतिहास, कायदा, साहित्य, संगीत अशा सगळ्या अंगांनी वाचतो. नागरिकत्वासाठी मी शंभर प्रश्न घोकले होते, तेव्हा दहापैकी सहा बरोबर आले की पास व्हायचं. त्यात भगतसिंग थिंद नव्हते. १९२३ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने त्यांना ‘गोरे’ मानलं नाही, म्हणून नागरिकत्व नाकारलं, आणि आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं जाऊ लागलं. १९४६ पर्यंत दार बंद. ते वाचलं त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

डॅलसकर: ते मीच लिहिलं. नवऱ्याच्या पगाराचं चुकलं, मागे घेतो. बाकी कायम. पदवीला १२० क्रेडिटं लागतात. सेमिस्टरला तीन-तीन क्रेडिटांचे दोन कोर्स, म्हणजे वर्षाला बारा क्रेडिटं. दहा वर्षं! माझा मेव्हणा नोकरी गेल्यावर दोन वर्षांत एक्स-रे टेक्निशियन झाला. घराचा हप्ता थिंदांच्या खटल्याने भरत नाही.

बी_कॉम_नाशिक: दहा का? तिची भारतातली पदवी धरत नाहीत म्हणून! माझी तीन वर्षांची बी.कॉम. एका कॉलेजने ‘पदवी नाही’ म्हणून परत केली. अकाउंट्समध्ये अकरा वर्षं काढलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या वर्षाचं गणित!

शिकागो_वऱ्हाडी: अरे, माझंही तेच. मार्कशीटा सीलबंद पाकिटात मागवायला भावाने विद्यापीठात चार खेटे घातले.

डॅलसकर: मग इंग्लंडात जायचं, तिथे डिग्री तीनच वर्षांची असते. इथे आलात तर इथले नियम.

बी_कॉम_नाशिक: नियम शिकवू नका. तुम्ही कंपनीच्या खर्चाने आलात, आम्ही कर्ज काढून.

एडिसनची_लेक: भाऊ, तुमच्या बी.कॉम.चं दुःख खरं आहे, पण धागा त्याचा नाही. आणि माझी पदवी नव्हतीच, बारावीनंतर लग्न झालं. मी शून्यातून सुरू केलंय.

शिकागो_वऱ्हाडी: ताई, माफ करा. एक सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना हा देश आपल्या प्रश्नाशी जोडता आला. बाबासाहेब १९१३ला इथल्या कोलंबिया विद्यापीठात आले. दलित पँथरने १९७२ला नावच इथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं. आपण इथे वीस वर्षं राहून फक्त ग्रीन कार्डाच्या तारखा मोजतो.

डॅलसकर: फुल्यांना मध्ये आणलंत की आम्ही बोलायचंच नाही का? शिकायला माझा विरोध नाही. कर्ज काढून शिकायला आहे. वडिलांनी माझ्या इंजिनिअरिंगसाठी शेत गहाण ठेवलं होतं. ते सुटेपर्यंत आईने नवं लुगडं घेतलं नाही.

एडिसनची_लेक: कर्ज नाही. मालक शिक्षणाला पैसे देत असेल तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत त्यावर कर लागत नाही. माझा देतो. उरलेलं मी भरते.

डॅलसकर: हे आधी सांगायचं होतं. माझ्याही कंपनीत ही सोय आहे, बायकोने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.

एडिसनची_लेक: त्यांना काय शिकायचंय?

डॅलसकर: इतिहास.