उत्तर: पालकांची अनास्था?
‘ऊसतोड मजुरांना शिक्षणाची किंमत नाही, म्हणून दिवाळीनंतर पोरं शाळेतून गायब’ हे मत अर्धंच खरं आहे. पोरं आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातात, मान्य. पण व्यवहार बघा ना: हंगामाआधीच मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, तीही एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको अशा जोडीची मिळून. बाईने मागे राहायचा प्रश्नच नाही, एक खाडा झाला तरी पैसे कापतात. हंगामी वसतिगृहं आहेत, पण तिथं मुख्यतः जेवणाची सोय. पोराला निजायला आजी-आजोबा गावात लागतात.

आमच्या बीडकडच्या शाळेत एका आईने एवढंच विचारलं, “गुरुजी, रातच्याला पोरीजवळ कोण?” तेव्हापासून पालकसभा दसऱ्याआधीच घेतो, आणि पहिला विषय हाच असतो. अभ्यासाचं नंतर.