सफारी लॉजचे पैसे: गादीचे की गवताचे?

हिशेबी (धागाकर्ता)

केनियातल्या मासाई मारा या राखीव जंगलाच्या (रिझर्व्हच्या) परिसरातल्या 'सगळं धरून' म्हणवणाऱ्या महागड्या कॅम्पचा दर हंगामात माणशी, दर रात्री ८०० ते १,५०० डॉलर निघतो. माझं मत: बहुतेकांसाठी हा पैसा वाया आहे. ऑगस्टचा महिना, दोघं जण आणि चार रात्री धरून मांडतो.

महाग पर्याय: ९०० डॉलरच्या हिशेबाने आठ माणूस-रात्रींचे ७,२००. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणं-येणं, दोघांचे साधारण ८००. टिपा ४००. एकूण ८,४००.

साधा पर्याय: रिझर्व्हच्या सेकेनानी किंवा तालेक फाटकाबाहेरचा जेवणासकट लॉज, माणशी १५० प्रमाणे १,२००. नैरोबीपासून ड्रायव्हर-गाईडसकट लँड क्रूझर, रोज २८० प्रमाणे पाच दिवसांचे १,४००. जुलै ते डिसेंबर रिझर्व्हचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर, तीन पूर्ण दिवस धरले तर दोघांचे १,२००. टिपा, पाणी, बिअर वगैरे ४००. एकूण ४,२००.

म्हणजे बरोबर निम्मे. वर गाडी फक्त तुमची. सकाळी सहाला आत शिरून संध्याकाळी सहापर्यंत फिरता येतं, जेवणाचा डबा बरोबर. तीन दिवसांत तीसेक तास जंगलात जातात. महाग कॅम्पमध्ये चार रात्रींच्या आठ फेऱ्या, प्रत्येकी साडेतीन तास, म्हणजे अठ्ठावीस. सिंह तेच, गवत तेच. उरलेले ४,२०० डॉलर कशाचे?

गवताळ

गवत तेच नाही, घोडं तिथेच अडतंय. हिशेब चोख आहे, पण दोन वेगळ्या जमिनींची तुलना एकच जमीन समजून केली आहे.

रिझर्व्ह ही सरकारी जमीन. तिकीट काढलं की कोणीही आत येतो. रस्ता सोडायला बंदी, अंधाराच्या आत बाहेर, पायी फिरणं नाही. ऑगस्टमध्ये चित्त्याने शिकारीचा पवित्रा घेतला की वीस-पंचवीस गाड्या गोळा होतात. प्रत्येक ड्रायव्हर रेडिओवरून दुसऱ्यांना खबर देतो, हेच त्याचं कारण. चित्ता दिवसा शिकार करतो, गाड्यांच्या भिंतीमुळे सावज आधीच सावध होतं आणि प्रयत्न फसतो.

रिझर्व्हला लागून असलेल्या मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी या कॉन्झर्व्हन्सींची गोष्ट निराळी. जमीन मासाई कुटुंबांच्या मालकीची. ती भाड्याने घेऊन कॅम्पवाले चालवतात. तिथे फक्त तिथल्या कॅम्पच्या पाहुण्यांच्या गाड्या येतात. नाबोइशोत साधारण ३५० एकरांमागे एक तंबू हे प्रमाण ठेवलं आहे, ओलारे मोतोरोगीत ७०० एकरांमागे एक. एका प्राण्यापाशी पाचच्या आसपास गाड्या, त्यापुढचे रांगेत. गवतात गाडी घालता येते, रात्रीची फेरी असते, सशस्त्र गाईडबरोबर पायी जाता येतं.

तुमच्या ४,२०० डॉलरपैकी मोठा हिस्सा या मोकळ्या जागेचा आहे. जमीनमालकाला पर्यटक येवोत न येवोत, भाडं ठरलेलं असतं. २०२० साली पर्यटक थांबले तेव्हा ते चालू ठेवणं किती जड गेलं, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. भाडं थांबलं तर कुंपणं उभी राहतात. मग ना सिंह, ना धागा.

हिशेबी

@गवताळ, जागेचा मुद्दा मान्य. पण दोन गोष्टी तुम्ही गाळल्यात.

एक, ऑगस्टमध्ये लोक येतात ते वाइल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडताना बघायला. ही ओलांडणी मुख्यतः रिझर्व्हच्या हद्दीत होते. म्हणजे ९०० देऊनही त्या दिवसासाठी माणशी २०० वेगळे मोजा, आणि त्याच वीस गाड्यांत उभे राहा.

दोन, कॅम्पची गाडी सामायिक. सहा आसनांची असेल आणि सहाही भरली तर मधल्या माणसाला दोन्हीकडून डोकी दिसतात. स्वतंत्र गाडी मागितली की रोजचे तीन-चारशे डॉलर वाढले. माझ्या स्वस्त पर्यायात ती फुकट आहे.

मागोवा

दोघांचंही अर्धं बरोबर. ज्याने सगळा फरक पडतो तो माणूस कोणाच्याच यादीत नाही: गाईड.

केनियात गाईडांच्या व्यावसायिक संघटनेच्या परीक्षा असतात, श्रेणी ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. ब्राँझ म्हणजे पाया पक्का. सिल्व्हरवाला माणूस गवत कोणत्या बाजूला दबलंय, बबून कुठे बघून ओरडतायत, गिधाडं उतरतायत की नुसती घिरट्या घालतायत यावरून गाडी वळवतो. रेडिओ ऐकून धावणारा ड्रायव्हर आणि हा माणूस यांत जे अंतर आहे ते साध्या तंबूत आणि पितळी टबाच्या तंबूत नाही.

म्हणून आरक्षणाआधी टबाचे फोटो बघण्यापेक्षा हे लेखी विचारा: गाईड कोणत्या श्रेणीचा? सगळे मुक्काम तोच राहील की रोज बदलेल? गाडीत जास्तीत जास्त किती पाहुणे, चार की सहा? सामायिक गाडीत फोटोवाले आणि लहान मुलांचं कुटुंब एकत्र बसवता का? शेवटचा प्रश्न चेष्टेचा वाटेल, पण फेऱ्या फसण्याचं ते नेहमीचं कारण आहे. एकाला बिबट्याच्या झाडाखाली दोन तास थांबायचं असतं, दुसऱ्याला वीस मिनिटांत जिराफ हवा असतो, आणि गाईड बिचारा दोघांनाही हसून दाखवतो.

उत्तर गुळमुळीत आलं तर दर कितीही असो, सोडा.

आडवाट

टब पितळी नसतो हो, तांब्याचा असतो. दर त्यानेच वाढतो. :)

खडीचा रस्ता

केनियातच का अडकलाय सगळे? दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे आणि तिथे स्वतःची भाड्याची गाडी घेऊन फिरता येतं. स्कुकुझा, लोअर साबी, सतारा या सरकारी मुक्कामांत स्वयंपाकघरासकट झोपडी मिळते, तीही महागड्या लॉजच्या एका रात्रीच्या पैशांत अनेक रात्री. स्कुकुझा ते लोअर साबी नदीकाठचा रस्ता बिबट्यासाठी, साताऱ्याजवळचा... चुकलो, *सतारा*जवळचा एस-१०० सिंहांसाठी, लोअर साबीशेजारचं सनसेट डॅम पाणघोडे-मगरींसाठी.

अडचणी आधीच सांगतो. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, मातीच्या रस्त्यावर ४० ची मर्यादा, त्यामुळे ८० किलोमीटरची फेरी म्हणजे थांबे धरून अख्खी सकाळ. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. फाटकाची वेळ चुकली की दंड. डिसेंबरात मुक्कामाचं फाटक पहाटे साडेचारला उघडतं, त्याच वेळी बाहेर पडलात तरच काही हाती लागतं. बुटकी गाडी घेऊ नका. पावसाळ्यानंतर गवत उंच असतं, खिडकीच्या पातळीवर नुसती काडी दिसते. आणि नदीकाठच्या चांगल्या झोपड्या जवळपास वर्षभर आधी संपतात. रात्रीची फेरी उद्यानाच्याच उघड्या ट्रकमधून पैसे भरून करता येते.

हे सगळं जमत असेल तर लॉजची गरज काय?

संधिप्रकाश

@खडीचा रस्ता, गरज बिबट्याची. क्रूगरला चिकटून साबी सँड हे खासगी रिझर्व्ह आहे. दोघांमधलं कुंपण १९९३ साली काढलं, म्हणजे प्राण्यांना हद्द नाही, गाड्यांना आहे. तिथे गाडीच्या नाकावर खुर्ची लावून ट्रॅकर बसतो. तो माग काढतो, गाईड गाडी झुडपात घालतो, एका बिबट्यापाशी दोन-तीन गाड्या. तुमच्या रस्त्यावर बिबट्या दिसला तर पाठ दिसते, तीही समोरच्या चार गाड्यांच्या आरशात.

मात्र तिथे रात्री मोजू नका, फेऱ्या मोजा. दुपारी दोनला पोचायचं, साडेतीन-चारला पहिली फेरी, शेवटच्या दिवशी सकाळची फेरी आणि नाश्ता करून निघायचं. म्हणजे एका रात्रीला दोन फेऱ्या, तीन रात्रींना सहा. विमान उशिराचं घेतलंत आणि संध्याकाळी सहाला पोचलात, तर ९०० डॉलरच्या रात्रीतले साडेचारशे फाटकावरच गेले. एका रात्रीचा मुक्काम तर कधीच नको. एक फेरी पावसात गेली की उरतं काय?

माझं गणित असं: आधी क्रूगरमध्ये चार रात्री स्वतः फिरून हत्ती, झेब्रा, जिराफ पोटभर बघा. मग साबी सँडमध्ये तीन रात्री. उलट क्रम लावलात तर क्रूगरमधले चार दिवस कुरकुरण्यात जातात.

खडीचा रस्ता

'आधी स्वस्त, मग महाग' हा क्रम पटला. तीन रात्रींऐवजी दोन म्हणेन, पण फेऱ्यांचा हिशेब बिनतोड आहे.

छापील दर

'सगळं धरून' या शब्दांवर कोणी बोललंच नाही. भांडणं तर तिथेच होतात. कोटेशन आलं की ओळ-ओळ तपासा.

'फुल बोर्ड' म्हणजे तीन जेवणं, बस. फेऱ्या नाहीत. 'गेम पॅकेज' म्हणजे जेवणं आणि सामायिक गाडीतून फेऱ्या. 'फुली इन्क्लुझिव्ह'मध्ये बहुधा नेहमीची वाइन-बिअर, धुणं आणि धावपट्टीवरून नेणं-आणणंही येतं. शॅम्पेन आणि निवडक वाइन जवळजवळ सगळीकडे बाहेर. बलून फेरी बाहेर, ती माणशी ४५० ते ५५० डॉलरच्या घरात. टिपा बाहेर: गाईडला पाहुण्यामागे रोज १० ते २० डॉलर आणि बाकी नोकरवर्गाच्या सामायिक पेटीत वेगळे.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे शुल्क. कॉन्झर्व्हन्सीचं शुल्क दरात आहे का, हे एका ओळीत लेखी घ्या. टांझानियात तर ही रक्कमच पोट फाडते. सेरेंगेटीचं शुल्क हंगामात प्रौढाला २४ तासांचे ७० डॉलर अधिक १८ टक्के कर, शिवाय उद्यानात मुक्काम असेल तर रात्रीचं वेगळं. एन्गोरोंगोरोच्या विवरात उतरायला गाडीमागे २५० अधिक कर. दोघांच्या गाडीला आणि सहांच्या गाडीला तेवढेच. म्हणून तिथे एकत्र जाणाऱ्यांचं फावतं. शुल्कं बदलत राहतात, कोटेशनवर तारीख बघा.

दुसरं, नकाशा मागवा. नावात 'मारा' असलेला कॅम्प कॉन्झर्व्हन्सीत असेलच असं नाही. फाटकाबाहेरच्या गर्दीत, शेजारच्या जनरेटरच्या आवाजातही असू शकतो, दर मात्र कॉन्झर्व्हन्सीचा.

तिसरं, सामान. केनियातल्या छोट्या विमानांत हातातल्या पिशवीसकट १५ किलो, तेही मऊ बॅगेत. कडक सुटकेस विमानाच्या पोटातल्या कप्प्यात बसत नाही. कॅमेऱ्याची मोठी लेन्स असेल तर सामानासाठी जादा आसनच विकत घ्यावं लागू शकतं. कपडे कमी न्या, धुणं दरातच आहे. अंतर्वस्त्रं मात्र बऱ्याच कॅम्पमध्ये धूत नाहीत, त्यासाठी खोलीत साबणपूड ठेवतात. शाकाहारी असाल तर आरक्षणातच लिहा, आडबाजूच्या कॅम्पला भाजीपाला रोज येत नाही.

गवताळ

बोट्स्वानाही घ्या यात. 'पर्यटक कमी, दर जास्त' हे तिथलं धोरणच आहे. ओकावांगो नदीच्या मुखप्रदेशातल्या अनेक कॅम्पना रस्ता नाही, पाहुणेही विमानाने आणि बरंचसं सामानही. तिथे १,५०० डॉलर बघून 'लुटतात' म्हणणं सोपं आहे.

आडवाट

सोपं आहे आणि अर्धं खरंही. तिथल्या मौन नावाच्या गावाहून फिरत्या तंबूंची सफारी निघते, मोरेमी आणि ख्वाई ही जंगलं त्यात होतात, गाईड अनुभवी असतो आणि खर्च बराच कमी. स्वतः जायचं तर चारही चाकांना जोर असलेली (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी, टायरची हवा वाळूसाठी १.५ बारच्या आसपास उतरवणं, परत चढवायला कॉम्प्रेसर आणि पाण्यात गाडी घालण्याआधी खोली बघणं. एवढं येत नसेल तर वाळूत रुतून बसण्यापेक्षा कॅम्पला पैसे द्या. आणि तिथे खरं पाणी बघायचं तर पाऊस संपल्यावर जा. अंगोलातला पाऊस मुखप्रदेशात पोचायला महिने लागतात, त्यामुळे पूर जून ते ऑगस्टमध्ये, कोरड्या दिवसांत चढतो.

हिशेबी

बरंच पटलं, म्हणून हिशेब नव्याने मांडला. नदीची ओलांडणी सोडली तर ऑगस्टचा हट्ट कशाला? जानेवारी ते जून रिझर्व्हचं शुल्क १०० डॉलर. फेब्रुवारीत कॅम्पचा दर ९०० वरून ६५० वर आला असं धरा, दोघांचे चार रात्रींचे ५,२००, विमान-टिपा १,२००, एकूण ६,४००. माझा साधा पर्याय शुल्कात ६०० वाचवून ३,६००. फरक ४,२०० वरून २,८०० वर. या किमतीला कॉन्झर्व्हन्सीतली मोकळी जागा आणि रात्रीची फेरी मी नाकारणार नाही. ऑगस्टबाबत मत तेच.

एप्रिल-मे अजून स्वस्त पडेल का?

मागोवा

पडेल, पण तो मोठ्या पावसाचा काळ. काळी चिकण माती भिजली की लँड क्रूझरही आडवी घसरते, एक-दोन फेऱ्या चिखलात जाणार हे धरून चाला. काही कॅम्प तर बंदच असतात. सिंह-बिबटे मात्र कळपांबरोबर निघून जात नाहीत, बारमाही तिथलेच. फेब्रुवारी चांगला. 'चार रात्री राहा, तीनचे पैसे द्या' अशी सवलत आहे का विचारा, आणि ती कोटेशनमध्ये आधीच धरली आहे का तेही.

छापील दर

आणि पैसे भरण्याआधी रद्द करण्याच्या अटी. साधारण ३० टक्के अनामत परत मिळत नाही आणि निघण्याच्या ६० दिवस आधी पूर्ण रक्कम भरावी लागते, त्यानंतर रद्द केलं तर बहुतेक पैसे बुडतात. प्रवासविमा अनामत भरतानाच काढा, नंतर नको.

एकटं जाणार असेल कोणी तर एकट्याचा जादा आकार विचारा. तो दराच्या ३० ते ५० टक्के असू शकतो, पण बिगर-हंगामात बरेच कॅम्प तो माफ करतात. मागितल्याशिवाय सांगत नाहीत.