सागवानावरचे पिवळे डाग आणि मेण

ताई, तुम्ही विचारलंय की आजीच्या सागवानी पेटीला पांढरा चॉक पेंट (खडूसारखा, चमक नसलेला पाण्यात मिसळणारा रंग) दिला, तर त्यावर पिवळट डाग का उठले. रंगाचा दोष नाही. सागात तेल आणि टॅनिन (लाकडातला डाग पाडणारा घटक) असतं, ते अशा पाण्यात मिसळणाऱ्या रंगातून वर येतं. कितीही हात मारा, डाग परत दिसणारच. आधी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा पातळ हात द्या, मग रंग. चॉक पेंटला आधी घासकाम किंवा खालचा थर लागत नाही असं सांगतात, पण सागाला हा थर हवाच.

चॉक पेंट वाळला की त्याच्या रक्षणासाठी वरून मेण लावतात. कोल्हापुरात राजारामपुरीत मी शिकायला गेले त्या कार्यशाळेत या मेणावरच जास्त वेळ दिला, ते फार बरं झालं. शिकवणाऱ्या बाईंनी रंगवलेल्या एकाच फळीच्या अर्ध्या भागाला आधी साधं मेण लावलं, अर्धा कोरा ठेवला आणि दोन्हीवर गडद मेण चोळलं. कोऱ्या बाजूला रंगाने ते शोषून घेतलं, मळकट धब्बे पडले ते निघेनात. दुसऱ्या बाजूला जादाचं मेण फडक्याने अलगद पुसता आलं, नक्षीच्या खाचांत तेवढी सावली राहिली. काय सुंदर दिसत होती ती!

मेण अगदी पातळ लावा. हाताला कोरडं लागलं तरी पुरतं कडक व्हायला काही आठवडे जातात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर घाई नकोच. जेवणाच्या टेबलाला मात्र मेण नको, गरम भांड्याने वळ उठतात. तिथे पाण्यात मिसळणारं वॉर्निश बरं.

पेटीच्या कड्या पितळी आहेत का? असतील तर रंगाआधी काढून ठेवा.