एल्फिन्स्टन आडनाव: मूळ कुठलं, पसरलं कुठे, आणि नकाशा कसा काढायचा?

ग्रंथसंग्राहक:
मुंबईतल्या जुन्या नावांवर एक लेख लिहितो आहे. त्यात एल्फिन्स्टन या आडनावाला स्वतंत्र चौकट द्यायची आहे. गव्हर्नरांबद्दल मराठीत भरपूर मजकूर आहे, आडनावाबद्दल मात्र काहीच हाती लागत नाही. चार गोष्टी विचारायच्या आहेत.

१. ‘एल्फ’ म्हणजे यक्षासारखी योनी आणि ‘स्टोन’ म्हणजे दगड, ही व्युत्पत्ती सगळीकडे दिसते. ती खरी आहे का?
२. हे आडनाव स्कॉटलंडच्या नेमक्या कोणत्या भागातलं?
३. एकोणिसाव्या शतकात ते कुठे कुठे होतं याचा नकाशा करायचा तर कोणती साधनं वापरावीत? स्पेलिंगं इतकी आहेत की शोध अर्धवट राहतो.
४. एल्फिन्स्टन कॉलेज ज्यांच्या नावाचं ते आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन ज्यांच्या नावाचं ते, दोघे एकच का? त्यांचे वंशज भारतात राहिले का?

दफ्तरदार:
पहिल्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो.

दगडाचा इथे काहीही संबंध नाही. शब्द ‘एल्फिन’ आणि ‘स्टोन’ असा तोडला की चूक होते. तो ‘एल्फिन’, ‘स’, ‘टून’ असा तोडा. मधला ‘स’ षष्ठीचा, म्हणजे आपला ‘चा’. ‘टून’ म्हणजे वाडी किंवा वस्ती. इंग्रजीतला ‘टाउन’ त्याचाच भाऊ. थोडक्यात ‘अमक्याची वाडी’. जॉनस्टोन आणि लिव्हिंगस्टोन ही स्कॉटिश आडनावंही अशीच घडली आहेत, त्यांतही दगड नाही. जुन्या सनदांत शेवट ‘स्टून’, ‘स्टन’ असा येतो. ‘स्टोन’ हे स्पेलिंग नंतर रूढ झालं. म्हणून मराठीत आपण ‘एल्फिन्स्टन’ लिहितो ते उच्चाराला धरून आहे, ते बदलू नका.

वाडी कोणाची, याबद्दल दोन नावं पुढे केली जातात: जुन्या इंग्रजीतलं ‘एल्फवाइन’ आणि गेलिक ‘आल्पिन’. एल्फवाइनचा शब्दशः अर्थ ‘एल्फांचा मित्र’. एल्फ आलाच तर तो असा, माणसाच्या नावातून येतो.

हे गाव आजही आहे. एडिंबराच्या पूर्वेला ईस्ट लोदियनमध्ये, ट्रॅनंटजवळ. तेराव्या शतकापासून ‘द (de, म्हणजे ‘चा’) एल्फिन्स्टन’ म्हणवणारी माणसं कागदांत दिसतात. आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखंच हे स्थलवाचक आडनाव आहे, आणि ‘कर’बद्दल जी काळजी घेतो तीच इथे घ्यावी लागते. एकाच गावावरून आडनाव घेतलेली सगळी घराणी एकमेकांची भाऊबंद नसतात. त्या गावातून बाहेर पडलेल्या साध्या कुळालाही दुसऱ्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या भागात) तेच नाव चिकटू शकतं. त्यामुळे प्रत्येक एल्फिन्स्टन लॉर्डांच्या घरातला, असं लेखात लिहू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आडनाव गावावरून आलं, पण मुख्य घराणं त्या गावात टिकलं नाही. १४३५ साली सर अलेक्झांडर एल्फिन्स्टन पाइपरडीनच्या लढाईत पडले. मागे मुलगी अॅग्नेस. ईस्ट लोदियनची मूळ जमीन तिच्याकडे आणि तिच्या लग्नामुळे जॉनस्टोन घराण्याकडे गेली. पुरुषवंशाच्या वाट्याला आली ती फोर्थ नदीकाठची, स्टर्लिंगशरमधल्या एअर्थ पॅरिशची जमीन. तिथल्या जहागिरीलाही त्यांनी एल्फिन्स्टन हेच नाव दिलं. म्हणजे नकाशावर दोन एल्फिन्स्टन झाली. अठराव्या शतकाच्या मध्याला ही दुसरी जहागीरही विकली गेली आणि घेणाऱ्याच्या किताबावरून ती डनमोर झाली. अॅडमिरल कीथ, म्हणजे जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, यांचा १७४६ मधला जन्म ‘एल्फिन्स्टन टॉवर’मध्ये झाला असं वाचाल, तो टॉवर एअर्थचा. ईस्ट लोदियनचा टॉवर वेगळा. खालच्या कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचली आणि १९५५ मध्ये त्याचा बहुतेक भाग पाडावा लागला. या दोन टॉवरांची गल्लत छापील पुस्तकांतही आढळते.

घराण्याचा ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ हा किताब १५१० चा. काही ठिकाणी १५०९ दिसेल. त्या काळी स्कॉटलंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या घटना जुन्या गणनेत आधीच्या वर्षात पडतात. स्कॉटलंडने १ जानेवारी १६०० पासून वर्षारंभ बदलला, इंग्लंडने थेट १७५२ मध्ये. पहिले लॉर्ड १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत पडले आणि दुसरे १५४७ साली पिंकीच्या.

नकाशावाला:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबेल, कारण विरळ आडनावाचा नकाशा फसवतो.

पाया १८८१ च्या जनगणनेचा घ्या. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड या तिन्हींची संपूर्ण उतरवलेली यादी उपलब्ध असलेली ती सर्वांत हाताळलेली जनगणना आहे. तेव्हा स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ३७ लाख, इंग्लंड-वेल्सची सुमारे २ कोटी ६० लाख. नुसती डोकी मोजली तर लंडन आणि लँकाशर नेहमीच वर येतात, कारण तिथे माणसंच जास्त. म्हणून काउंटीतलं (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातलं) आडनावाचं प्रमाण भागिले देशातलं प्रमाण, असा निर्देशांक काढतात.

पण विरळ आडनावाला हाच निर्देशांक दगा देतो. समजा एखाद्या आडनावाची देशभरात ४०० माणसं आहेत. म्हणजे दर १० लाखांत साधारण साडेतेरा. ४०,००० वस्तीच्या छोट्या काउंटीत अपेक्षा अर्ध्या माणसाची. तिथे सहा जणांचं एकच बिऱ्हाड राहायला आलं की निर्देशांक ११ होतो आणि नकाशा गडद लाल. ते बिऱ्हाड कदाचित बदली होऊन आलेल्या दीपगृहरक्षकाचं असेल. यावर उपाय तीन:

– माणसं मोजू नका, बिऱ्हाडं मोजा. तीनपेक्षा कमी बिऱ्हाडं असलेली काउंटी रंगवूच नका, नुसता ठिपका द्या.
– राहण्याच्या जागेऐवजी जन्मस्थळाचा रकाना नकाशावर टाका, तोही फक्त पन्नाशी ओलांडलेल्यांचा. मग १८८१ ची यादी तुम्हाला १८३० च्या आधीचं चित्र दाखवते, म्हणजे रेल्वेने माणसं हलवण्याआधीचं. या एका चाळणीने सर्वांत जास्त फरक पडतो.
– इंग्लंडमध्ये राहणाऱ्या स्कॉटिश माणसाच्या जन्मस्थळात बहुधा नुसतं ‘स्कॉटलंड’ लिहिलेलं असतं. अशांची संख्या वेगळी द्या, एखाद्या काउंटीत ढकलू नका.

काउंटीची नावंही सांभाळा. ईस्ट लोदियनचं तेव्हाचं नाव हॅडिंग्टनशर, १९२१ पर्यंत. ‘ईस्ट लोदियन’ टाकून शोध रिकामा आला तर आडनाव तिथे नव्हतं असा निष्कर्ष काढू नका. कंबरनॉल्डची जहागीर लग्नसंबंधातून एल्फिन्स्टनांकडे आली. ते पॅरिश डंबार्टनशरचं, पण मुख्य काउंटीपासून तुटलेल्या तुकड्यात. काउंटीच्या सीमांचा नकाशा घेताना तो तुकडा गाळला जातो आणि तिथली माणसं शेजारच्या काउंटीत जाऊन बसतात.

आता स्पेलिंग. बहुतेक संकेतस्थळांवर ‘मिळतेजुळते उच्चार’ म्हणजे साउंडेक्स असतं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे. एल्फिन्स्टनचा संकेत ‘ई-४१५’ (E415). ‘पीएच’ऐवजी ‘एफ’ लिहिलं तरी ४१५, कारण पी आणि एफ एकाच गटात. शेवटी ‘स्टन’, ‘स्टून’, ‘स्टोन’ काहीही असो, फरक पडत नाही. पण दोन ठिकाणी हे कोसळतं. कारकुनाने सुरुवात इंग्रजी ‘ए’ने (A) केली की संकेत ‘ए-४१५’ होतो आणि नोंद गायब. मधला ‘एन’ गळून ‘एल्फिस्टन’ झालं की ‘ई-४१२’, तीही गायब. म्हणून साउंडेक्सनंतर तारका घालून दुसरा शोध घ्या: पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, मग ‘एल’, तारका, ‘एस-टी’, शेवटी तारका (?l*st*). यात आल्स्टन, एल्स्टन मंडळीही येतील, ती हाताने काढावी लागतात. पॅरिशची अट घातली तर काम आटोक्यात राहतं.

कागदवेडा:
नकाशावाल्यांच्या मुद्द्याला एक जोड. स्कॉटलंडच्या नोंदींची एक खासियत विरळ आडनावाला फार उपयोगी पडते. तिथे लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव कागदावर टिकायचं. मृत्यूनोंदीच्या सूचीत ती दोन्ही आडनावांखाली सापडते. सक्तीची नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून, आणि पहिल्या दिवसापासून जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव आहे. इंग्लंडमध्ये नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, पण छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव आलं ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून. नोंदणी कार्यालयाच्या नव्या ऑनलाइन सूचीत ते १८३७ पासून भरलं आहे, तीच वापरा. ज्या भागात या आडनावाचे पुरुष संपले तिथे मुलींच्या नोंदींवरून ते किती काळ होतं हे कळतं, नुसत्या जनगणनेवरून कळत नाही.

स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर सूचीतला शोध फुकट आहे, मूळ पानाची प्रतिमा मात्र पैसे भरून घेतलेल्या ‘क्रेडिट’वर मिळते. आधी सूची पूर्ण उतरवून घ्या, पॅरिश आणि वर्षाप्रमाणे लावा, मगच प्रतिमा विकत घ्या. उलट केलंत तर पैसे वाया जातात. १०० वर्षांच्या आतले जन्म, ७५ च्या आतली लग्नं आणि ५० च्या आतले मृत्यू यांच्या प्रतिमा ऑनलाइन दिसत नाहीत. १८५५ च्या मागे गेलात की चर्चच्या वह्या, आणि त्यांत मोठे खंड आहेत. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना १९४२ मध्ये जळाली, तिची वाट पाहू नका; स्कॉटलंडची शाबूत आहे.

आणखी एक सापळा: हे आडनाव मधलं नाव म्हणून खूप फिरतं. आईचं माहेर, जमीनदार, वरिष्ठ अधिकारी, कोणाचंही आडनाव मुलाला मधलं नाव म्हणून देण्याची तिथे रीत. आपल्याला सर्वांत जवळचं उदाहरण साताऱ्याचं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे जेम्स ग्रँट डफ हे पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या हाताखाली साताऱ्याला रेसिडेंट (दरबारातले इंग्रज प्रतिनिधी) होते. त्यांनी १८२९ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ ठेवलं. पुढे ते मद्रासचे गव्हर्नर झाले. रक्ताचं नातं काही नाही. नुसत्या शब्दाने शोध घेतला तर अशी माणसं यादीत शिरतात.

उलटही घडतं. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे सख्खे थोरले भाऊ, अॅडमिरल चार्ल्स, यांनी वारसा मिळताना फ्लीमिंग आडनाव घेतलं. ते ‘एफ’खाली सापडतात. जोडआडनावांत तर प्रत्येक सूचीकार आपल्या मनाने लावतो, म्हणून पहिला भाग आणि शेवटचा भाग, दोन्हीकडे पाहा.

दफ्तरदार:
चौथा प्रश्न राहिला होता.

दोघे वेगळे, पण काका-पुतणे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९) हे अकराव्या लॉर्डांचे चौथे चिरंजीव, १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर. ते निघताना लोकांनी वर्गणी जमवली, त्यातून पुढे कॉलेज उभं राहिलं. जॉन, तेरावे लॉर्ड (१८०७–१८६०), हे माउंटस्टुअर्ट यांच्या थोरल्या भावाचे चिरंजीव. आधी मद्रासचे आणि १८५३ ते १८६० मुंबईचे गव्हर्नर. स्टेशन आणि आजचं हॉर्निमन सर्कल (पूर्वीचं एल्फिन्स्टन सर्कल) यांच्या नावाचं. स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी. १८४२ च्या काबूलच्या माघारीत सेनापती असलेले विल्यम एल्फिन्स्टन तिसरेच, माउंटस्टुअर्ट यांचे चुलतभाऊ. लेखात ‘लॉर्ड’ हा शब्द माउंटस्टुअर्ट यांना लावू नका, ते कधीच लॉर्ड नव्हते. मराठी मजकुरात ही चूक सर्रास होते.

दोन्ही गव्हर्नर अविवाहित वारले, त्यामुळे त्यांचा औरस वंश इथे किंवा तिथे कुठेच नाही.

ग्रंथसंग्राहक:
फार मोलाची माहिती. आता दोनच शंका. मुंबई इलाख्यात या आडनावाची इतर माणसं होती का, हे कुठे तपासायचं? आणि शेवटी ‘ई’ नसलेलं स्पेलिंग वेगळं घराणं मानायचं का?

कागदवेडा:
मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. मालिका ‘एन-३’; ‘एन-१’ बंगालची, ‘एन-२’ मद्रासची. सैन्यातली माणसं इलाखा बदलत, म्हणून तिन्ही पाहा. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची सूची फुकट आहे, तिथून सुरुवात करा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख यांत महिन्यांचं अंतर असू शकतं, कारण लहान छावणीत पाद्री कायम नसे. वर्षाची मर्यादा दोन-तीन वर्षं सैल ठेवा.

दफ्तरदार:
‘ई’वरून घराणं ठरवू नका. एकाच माणसाची नोंद दोन्ही तऱ्हांनी सापडते. ‘ई’ न लावणारे जेम्स एल्फिन्स्टन (१७२१–१८०९) हे तर इंग्रजी उच्चाराप्रमाणे लिहावं म्हणून झटणारे शिक्षक. अॅडमिरल जॉन एल्फिन्स्टन हेही ‘ई’विना. ते रशियन नौदलात गेले, १७७० च्या चेश्मेच्या लढाईत होते, आणि त्यांच्या मुलामुळे हे आडनाव रशियन लिपीतही उतरलं. तुमच्या नकाशात बाल्टिक किनाऱ्यावर एक ठिपका द्यायचा असेल तर तो या शाखेचा.

गावांच्या नावांवरून मात्र ठिपके देऊ नका. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियामध्ये एल्फिन्स्टन नावाचं गाव आहे, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर डोंगर आहे, ओमानच्या मुसंदममध्ये खाडी आहे. तिथे या आडनावाची वस्ती असायलाच हवी असं काही नाही.

नकाशावाला:
चौकटीत जागा कमी असेल तर एकच नकाशा द्या: १८८१ मध्ये पन्नाशीपुढच्यांची जन्मस्थळं, आणि त्यावर दोन वेगळ्या खुणांनी ट्रॅनंट आणि एअर्थ. दोन्ही एल्फिन्स्टनांमध्ये एडिंबरा आहे, हे रेषा न ओढताही दिसतं. खाली बिऱ्हाडांची एकूण संख्या आणि नुसतं ‘स्कॉटलंड’ लिहिलेल्यांची संख्या छापायला विसरू नका.